बालविभागासाठी नवी पुस्तके निवडताना छापील वयोगटावर किती विसंबावे?

सुरसागरकाठ (बडोदे)

नमस्कार. बडोद्यात दांडिया बाजाराजवळ आमच्या मंडळाचे जुने मराठी ग्रंथालय आहे आणि त्याचा बालविभाग गेली दोन वर्षे मी सांभाळते. एका सभासद कुटुंबाने आजीच्या स्मरणार्थ ५०,००० रुपयांची देणगी केवळ मुलांच्या आणि कुमारवयीन वाचकांच्या नव्या पुस्तकांसाठी दिली असून ती रक्कम याच आर्थिक वर्षात खर्च करायची आहे. पैसे हाताशी असूनही यादी करताना माझा हात अडखळतो आहे. त्याचे कारण जरा सविस्तर सांगते.

बालविभागात सुमारे ९०० पुस्तके आहेत. मागच्या महिन्यात मी एकेक पुस्तक उघडून शेवटच्या पानावरची तारीखपट्टी पाहिली, तेव्हा निम्म्याहून अधिक पुस्तकांवर गेल्या पाच वर्षांत एकही शिक्का पडलेला नव्हता. त्यांतली कित्येक मी लहानपणी अधाशासारखी वाचलेली आहेत, त्यामुळे ती वाईट आहेत असे मी म्हणूच शकत नाही.

दर शनिवारी संध्याकाळी ११ वर्षांची एक मुलगी येते. तिची शाळा इंग्रजी माध्यमाची आहे, घरी मराठी, सोसायटीत गुजराती, आणि देवनागरी तिला भेटते ती हिंदीच्या तासाला. तिने 'वयोगट १० ते १२' असे छापलेले पुस्तक उघडले, दीड पान वाचले आणि काही न बोलता जागेवर ठेवले. मग मी तिला मोठ्या टाइपातले, सोप्या वाक्यांचे पुस्तक दिले. मुखपृष्ठावरचा ससा पाहून ती म्हणाली, "काकू, हे माझ्या भावासाठी नेते." तिचा भाऊ पहिलीत आहे. तिचे मन ११ वर्षांचे आहे आणि तिचे मराठी वाचन सात वर्षांचे. पुण्या-नाशिकच्या मुलांमध्ये ही दोन्ही वये बहुधा बरोबरीने वाढत असतील आणि प्रकाशक छापतात तो वयोगट त्यांनाच धरून ठरत असेल. आमच्या मुलांमध्ये या दोन वयांच्या मध्ये जी फट आहे, तिच्यात बसणारी पुस्तके मला हवी आहेत.

निवड समितीत आम्ही पाच जण आहोत. प्रत्येकाने आणलेली यादी ज्याच्या त्याच्या बालपणाची आहे आणि माझीही त्याहून वेगळी नाही. म्हणून पुस्तकांची नावे सुचवण्याआधी आपण पुस्तक कोणत्या कसोटीवर घेता, ते कृपया लिहावे.

लष्करकर (ग्वाल्हेर)

ताई, आपली तळमळ पोहोचली, तरी दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. मुले जे उचलतील तेच घ्यायचे ठरवले, तर आज न उचललेले चांगले पुस्तक उद्याच्या मुलाला कोठे मिळणार? महाराष्ट्रातल्या मुलाला ते शाळेत, मामाकडे, प्रदर्शनात किंवा रद्दीच्या दुकानात केव्हातरी सापडते. आमच्या ग्वाल्हेरात किंवा आपल्या बडोद्यात मराठी ग्रंथालयाच्या कपाटात नसलेले मराठी पुस्तक बहुधा गावातच नसते. माझा मुलगा १४ वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने ज्या पुस्तकाकडे ढुंकूनही पाहिले नव्हते, तेच त्याने या मे महिन्यात दोन दिवसांत संपवले, कारण ते कपाटात होते. तारीखपट्टीवर शिक्का नाही एवढ्या पुराव्यावर पुस्तकाला दोषी ठरवू नये. किमान अर्धी रक्कम पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या लेखकांच्या चांगल्या आवृत्त्यांसाठी राखून ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुनी कार्डे (बडोदे)

एका ग्रंथालयाच्या तालिका विभागात ३१ वर्षे काम करून मी निवृत्त झालो. त्या अनुभवावरून लिहितो, थोडे लांबेल.

आपल्याच शहराचा इतिहास या प्रश्नाला लागू पडतो. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मात्र शाळेत शिकलेले वाचन पुढे पुस्तक हाती आले नाही तर विरून जाते, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले आणि १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना बोलावून घेतले. मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालये आणि रेल्वेने फिरणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या हे सारे त्यातून उभे राहिले. मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वेगळे विभाग होते. मुलांच्या हाती देण्याजोगी पुस्तके पुरेशी नाहीत असे दिसल्यावर श्री सयाजी बालज्ञानमालेतून ती मुद्दाम लिहवून घेण्यात आली. आपल्या ११ वर्षांच्या मुलीची अडचण याच जातीची आहे. तिला अक्षरे येतात, पण त्या अक्षरांना रोजचे खाद्य नाही.

आता कामाचे. खरेदीच्या आधी कपाट रिकामे करा. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी शेवटचे सूत्र ग्रंथालयाला वाढती संस्था म्हणते, आणि वाढणारे झाड पानेही गाळते. ज्या माहितीपर पुस्तकात प्लूटो अजून नववा ग्रह आहे, ते मुलांच्या हाती देण्याजोगे राहिलेले नाही, कारण २००६ पासून त्याची गणना बटुग्रहांत होते. ज्या नकाशात तेलंगणा नाही, तो २०१४ च्या आधीचा आहे. पाने पिवळी पडलेली, टाइप बारीक, शिवण सुटलेली अशी पुस्तके दाखल नोंदवहीत रीतसर निर्लेखित करावीत, म्हणजे संग्रहातून कमी करावीत. दुर्मिळ आवृत्ती असेल तर ती संदर्भ विभागात हलवावी आणि लष्करकर म्हणतात तशी टिकाऊ कृती असेल तर तिची नवी प्रत घ्यावी. मळक्या प्रतीमुळे चांगल्या लेखकाचा वाचक तुटलेला मी अनेकदा पाहिला आहे.

शिक्का नसण्याचे कारण पुष्कळदा पुस्तकाबाहेरच असते. आपले कपाट काचेचे आणि कुलपाचे आहे का? मुलांची पातळ पुस्तके तारेच्या टाक्याने शिवलेली असल्यामुळे त्यांना कणा नसतो, आणि ती उभी लावली की मुलाला फक्त कडा दिसतात. पंचवीस-तीस पुस्तके मुखपृष्ठ समोर ठेवून भिंतीलगतच्या फळीवर मांडा, दर शनिवारी ती बदला आणि महिनाभर नोंद ठेवा. त्यानंतरही जे हलले नाही, त्याचाच विचार निर्लेखनासाठी करा.

खरेदीत एक गोष्ट कटाक्षाने टाळा. एका पुरवठादाराने एकदा आम्हांला मोठ्या सवलतीत बालपुस्तकांचा तयार संच विकला होता. पेटी उघडली तेव्हा बिरबलाच्या त्याच गोष्टी चार वेगवेगळ्या नावांनी निघाल्या, आणि एकाही पुस्तकावर अनुवादकाचे किंवा चित्रकाराचे नाव नव्हते. तेव्हापासून ज्या बालपुस्तकाने आपल्या चित्रकाराचे नाव छापलेले नाही, ते मी आधी बाजूला ठेवतो आणि मग फार सबळ कारण मिळाले तरच परत हातात घेतो. संच घेऊ नका, पुस्तके पसंतीसाठी मागवा आणि न पटलेली परत करण्याचे आधी ठरवून घ्या. सगळी रक्कम एकाच वेळी खर्च करू नका. पहिल्या हप्त्यातली पुस्तके मुलांनी कशी हाताळली, ते पाहून दुसरा हप्ता ठरवा.

आपले ग्रंथालय नोंदणीकृत असेल, तर कोलकात्याचे राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान, जे १९७२ पासून सार्वजनिक ग्रंथालयांना साहाय्य करते, त्याच्या योजनांत मुलांच्या विभागासाठीही तरतूद असते. राज्याच्या ग्रंथालय खात्यामार्फत चौकशी करावी.

नर्मदेपल्याड (इंदूर)

मी इंदुरात ३४ वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आणि आता रविवारी सकाळी घरी आठ-दहा मराठी मुलांना गोष्टी वाचून दाखवते. सुरसागरकाठ ताईंनी 'दोन वये' हा शब्द फार नेमका वापरला आहे. त्यात एका गोष्टीची भर घालते. महाराष्ट्राबाहेरच्या मुलांचे वाचन नेमके कोठे अडखळते, हे गावागणिक बदलते आणि पुस्तक निवडताना ते माहीत असावे लागते.

आमची इंदूरची मुले हिंदीमुळे देवनागरी सराईतपणे वाचतात, पण हिंदीच्या कानाने. त्या वर्णमालेत 'ळ' नाही, म्हणून 'काळ' आणि 'काल' त्यांना एकच वाटतात. बडोद्याच्या मुलांना गुजरातीमुळे 'ळ' जिभेवर असतो, परंतु लिपी त्यांना अडवते. ग, न, प, म, व ही अक्षरे दोन्हीकडे ओळखीची दिसतात. क, ख, च, ज, ब मात्र गुजरातीत अगदी वेगळ्या वळणाची आहेत आणि शिरोरेघेची सवय तर मुळीच नसते. 'चार' मधला च आणि 'चाक' मधला च, किंवा दुनिया या अर्थाचे 'जग' आणि पाण्याचा 'जग', यांतला उच्चाराचा भेद छापलेला नसतो. तो घरात ऐकलेल्या मराठीवरूनच कळतो. शिवाय ओळखीचे वाटणारे शब्दच चकवतात. 'शिक्षा' शब्द वाचून आमच्या एका मुलाला वाटले की गोष्टीतल्या मुलाला आता शाळेत घालणार. 'खाली' हा शब्द हिंदीतही रिकामे आणि गुजरातीतही रिकामे, तेव्हा "बादली खाली ठेवली" हे वाक्य दोन्ही शहरांतली मुले चुकीचे समजतात.

म्हणून माझी पहिली कसोटी अशी की पुस्तकातले मराठी मुलाने घरात ऐकलेल्या मराठीच्या किती जवळ आहे ते पाहायचे. 'झाडे', 'घरे', 'केले' अशा लेखी रूपांत लिहिलेले पुस्तक आणि 'झाडं', 'घरं', 'केलं' अशा बोली रूपांत लिहिलेले पुस्तक समोर ठेवले, तर वयोगट एकच असूनही आमची मुले दुसरे पुस्तक दुप्पट वेगाने वाचतात, कारण आजीच्या तोंडून ऐकलेलेच त्यांना पानावर दिसते. मी स्वतः हे सगळे लेखी रूपांत लिहीत आहे आणि मुलांनी पुढे तेही आपलेसे करावे असे मला मनापासून वाटते. पण पहिली पायरी बोलीची असावी. ज्या पुस्तकात संवाद भरपूर आहेत, प्रकरणे चार-पाच पानांची आहेत आणि वर्णन कृतीच्या आड येत नाही, ते पुस्तक मोठ्या मुलांच्या विषयाचे असूनही कच्च्या वाचकाला पेलते. रहस्य, प्रवास, खेळ आणि प्राणी या चार विषयांत अशी पुस्तके सापडण्याची शक्यता अधिक.

दुसरी कसोटी बोटांची. मुलाला मधलेच कोणतेही पान वाचायला सांगावे आणि न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटवायला सांगावे. पान संपण्याआधी मूठ वळली, तर ते पुस्तक त्याला आज एकट्याने वाचण्यासाठी नाही. 'आज' आणि 'एकट्याने' हे दोन्ही शब्द महत्त्वाचे आहेत, कारण तेच पुस्तक मी वाचून दाखवले तर तो तल्लीन होऊन ऐकतो. लष्करकरांच्या टिकाऊ पुस्तकांचे स्थान मला तेथे दिसते. पहिले प्रकरण मोठ्याने वाचायचे, ऐन उत्कंठेच्या जागी थांबायचे आणि दोन प्रती टेबलावर ठेवून आत चहा करायला जायचे.

चित्रवेल (बडोदे)

मी लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढते. चित्रपुस्तक फक्त न वाचणाऱ्या बाळांसाठी असते, ही समजूत समितीच्या मनातून आधी काढून टाकावी अशी माझी विनंती आहे. ज्या मुलीचे मन भाषेच्या पुढे आहे, तिला शब्द जेथे थांबतात तेथून पुढे चित्र नेऊ शकते. ज्योत्स्ना प्रकाशनाची माधुरी पुरंदरे यांची चित्रपुस्तके पाहिली, तर एकेका पानावर वाक्ये दोन आणि पाहण्याजोगे तपशील वीस असतात. २०१६ मध्ये पहिला 'बिग लिटल बुक' पुरस्कार मराठीला आणि त्यांना मिळाला. चेन्नईची तूलिका ही संस्था मराठीतही आणि काही पुस्तके इंग्रजी-मराठी अशी जोडभाषेतही काढते. जोडभाषेच्या पुस्तकात मूल आधी इंग्रजी ओळ वाचते आणि मग मराठी ओळ ताडून पाहते, असे मी माझ्या घरातच पाहिले. काही पालकांना ती पळवाट वाटते, मला तो जिन्याचा कठडा वाटतो.

पैसे खर्च करण्यापूर्वी मुलांची आवड अजमावायची असेल, तर २००४ मध्ये सुरू झालेल्या प्रथम बुक्स या संस्थेचे स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ पाहावे. २०१५ पासून ते खुल्या परवान्यावर गोष्टी देते, त्यांत मराठीही भरपूर आहेत, आणि गोष्टींचे चार स्तर वयापेक्षा भाषेच्या कठीणपणावर ठरवलेले आहेत. ताईंच्या प्रश्नाला हे थेट लागू पडते. तेथे कोणीही अनुवाद करू शकतो, म्हणून मराठीचा दर्जा खालीवर होतो आणि प्रत्येक गोष्ट आधी स्वतः वाचावीच लागते.

आणखी एक गोष्ट मला फार दिवस खुपते आहे. अमेरिकेतल्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये लिहिले होते की मुलांना पुस्तकांत स्वतःचे जग दाखवणारे आरसेही हवेत आणि दुसऱ्यांचे जग दाखवणाऱ्या खिडक्याही हव्यात. आपल्या बडोद्याच्या मराठी मुलाला मराठी पुस्तकात आरसा कितीसा मिळतो? जो मुलगा उत्तरायणात गच्चीवर दोन दिवस पतंग उडवतो, नवरात्रात गरब्याला जातो, घरी वरणभात आणि शेजारी खमण खातो, तो मुलगा मराठी गोष्टीत मला अजून भेटलेला नाही. नवी पुस्तके निवडताना ही उणीव निदान नोंदवून ठेवू या. भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिरात काम केलेले गिजुभाई बधेका १९३९ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या बालकथांवरचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे. आपल्या मुलांनीच त्यांतल्या पाच-सहा गोष्टी गुजरातीतून मराठीत आणल्या, चित्रे काढली आणि ती हस्तलिखिते ग्रंथालयात दाखल क्रमांक देऊन ठेवली, तर त्या कपाटात आपले असे काही येईल. चित्रांसाठी मी दोन रविवार देऊ शकते.

नववी ब (बडोदे)

मी नववीत आहे. हे मी स्वतः लिहिले आहे आणि आजीने शुद्धलेखन तपासले आहे. सगळे मोठे लोक मुलांविषयी बोलत आहेत, म्हणून मला लिहावेसे वाटले.

माझ्या वयाची मुले बालविभागात जात नाहीत, कारण तेथे बुटक्या खुर्च्या असतात आणि भिंतीवर फुगे रंगवलेले असतात. मोठ्यांच्या विभागात गेले तर ग्रंथपाल विचारतात, "आईसाठी का?" आम्हांला मधली एक फळी हवी आहे आणि ती मोठ्यांच्या विभागाच्या तोंडाशी हवी. फळीवर 'बाल' हा शब्द नसावा.

मला राग येतो, मैत्रीण अचानक बोलेनाशी होते, पाळी येते, परीक्षेची भीती वाटते, आजोबा गेले तेव्हा घरात मला कोणी काही सांगितले नाही. या विषयांवरची इंग्रजी पुस्तके मी वाचली. मराठीत माझ्या हाती आली त्यांत शेवटी कोणीतरी मोठे माणूस येऊन समजावून सांगते. ते पान आले की मला कळते, हे पुस्तक माझ्यासाठी लिहिलेले नाही, माझ्या बाबांसाठी लिहिलेले आहे. चरित्रेही हवीत, पण ज्यांत ती व्यक्ती चुकली तेही लिहिलेले आहे अशी. निवड समितीत आमच्यातले दोघे तरी घ्या. आम्ही पुस्तक पूर्ण वाचून मत सांगू.

सुरसागरकाठ (बडोदे)

सर्वांचे मनापासून आभार. जुनी कार्डे काका, कपाट काचेचे आहे आणि कुलपाचेही. आज सकाळी कुलूप काढले.

नववी ब, तुझे पत्र मी समितीत वाचून दाखवले. दोन जागा तुम्हांला दिल्या आहेत, पुढच्या रविवारी ११ वाजता यावे. मात्र तुझ्या पत्रावरूनच समितीत एक खडाजंगी झाली. पाळी, मृत्यू, आईवडिलांचे वेगळे होणे, अशा विषयांची पुस्तके ठेवली तर पालक तक्रार करतील अशी दोन सदस्यांना भीती वाटते. मागे अशा एका तक्रारीनंतर एक पुस्तक गुपचूप कपाटाच्या वर ठेवले गेले आणि ते आजही तेथेच आहे. हे मला बोचते. यावर काय करावे?

जुनी कार्डे (बडोदे)

निवडीचे धोरण एका पानावर लिहून सूचनाफलकावर लावा. पुस्तक कोण निवडते, कशावरून निवडते आणि कोणाच्या मागणीवरून परत तपासले जाते, एवढे त्यात पुरे. तक्रार लेखी घ्यावी आणि पहिला प्रश्न असा असावा की आपण हे पुस्तक पूर्ण वाचले आहे का. तक्रार आल्यावर समितीतल्या तिघांनी ते नव्याने वाचावे आणि निर्णय लागेपर्यंत पुस्तक फळीवरच राहावे. पालकाला आपल्या मुलासाठी नको म्हणण्याचा पूर्ण अधिकार आहे, शेजाऱ्याच्या मुलासाठी नाही. कपाटावरचे ते पुस्तक आजच खाली काढा.

लष्करकर (ग्वाल्हेर)

नववीतल्या मुलीचे पत्र मी दोनदा वाचले आणि माझ्या मुलालाही वाचायला दिले. त्याने शेवटच्या पानाविषयी अगदी तेच सांगितले. 'निम्मी रक्कम' हा माझा आग्रह मी एक चतुर्थांशावर आणतो, त्याहून खाली मात्र येणार नाही.

त्या चतुर्थांशाविषयी एक सूचना. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे 'श्यामची आई' २०११ पासून कोणीही छापू शकते आणि बाजारात तिच्या अनेक आवृत्त्या आहेत. काहींत टाइप इतका दाटीचा आहे की पहिल्या पानालाच मूल दमते आणि काही न सांगता संक्षिप्त केलेल्या आहेत. जुन्या लेखकांचे पुस्तक घेताना शीर्षकावर न थांबता कागद, टाइप, ओळींमधले अंतर आणि संपूर्ण संहिता आहे की नाही, एवढे पाहूनच प्रत निवडावी. नर्मदेपल्याड ताईंच्या वाचून दाखवण्याच्या कल्पनेसाठी हीच पुस्तके वापरावीत, हे मला पूर्णपणे मान्य आहे.

नियतकालिकांचा उल्लेख कोणी केला नाही. बालभारतीचे 'किशोर' मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंकही संकेतस्थळावर वाचता येतात. ज्या मुलाला पुस्तक संपवण्याचा धीर नाही, तो अंकातला एक लेख सहज संपवतो. आमच्या घरी सुरुवात तशीच झाली होती.

नर्मदेपल्याड (इंदूर)

मासिकाच्या सूचनेला माझा दुजोरा. दोन प्रतींची वर्गणी भरा, एक वाचनकक्षात ठेवण्यासाठी आणि एक घरी देण्यासाठी.

सुरसागरकाठ (बडोदे)

दीड महिन्याने लिहीत आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

पहिल्या हप्त्यात आम्ही १८,००० रुपये खर्च केले. पसंतीसाठी मागवलेल्या पुस्तकांतून समितीच्या सात जणांनी, म्हणजे नववीतल्या दोघींसह, प्रत्येक पुस्तक निदान दोघांनी पूर्ण वाचून मग मत दिले. मुलींनी नाकारलेली तीन पुस्तके आम्हां मोठ्यांना फार आवडली होती. ती आम्ही परत केली. एका पुस्तकाबाबत उलटे झाले. मला त्याची भाषा ओबडधोबड वाटली, त्या दोघी मात्र त्यावर तासभर बोलत होत्या. ते घेतले. पुस्तकावर छापलेला वयोगट तसाच ठेवून आम्ही कण्यावर किंवा मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात रंगीत ठिपका लावला आहे, आणि तो केवळ भाषेची पायरी दाखवतो. हिरवा सोपा, पिवळा मधला, निळा कठीण. निळ्या ठिपक्याचे पुस्तक लहान मुलाने मागितले तर आम्ही अडवत नाही.

मधली फळी मोठ्यांच्या विभागाच्या दाराशी लावली. कपाटावरचे पुस्तक त्याच फळीवर ठेवले आहे आणि धोरणाचे पान फलकावर आहे. अद्याप लेखी तक्रार आलेली नाही. टिकाऊ पुस्तकांच्या सहा प्रती लष्करकरांच्या सूचनेप्रमाणे टाइप पाहून घेतल्या आणि त्यांतले एक दर शनिवारी मी वाचून दाखवते. निर्लेखनासाठी १४० पुस्तके बाजूला काढली. त्यांतली ११ समोर मांडल्याबरोबर घरी गेली, म्हणून त्यांची नावे यादीतून खोडली. गिजुभाईंच्या दोन गोष्टी मुलांनी मराठीत आणल्या आहेत आणि चित्रवेल ताई येत्या रविवारी येणार आहेत.

सुरुवातीला जिच्याविषयी लिहिले होते, त्या मुलीने एका शोधकथा-मालिकेचा पहिला भाग नेला. संवादच संवाद, प्रकरणे छोटी, ठिपका हिरवा, आणि मुखपृष्ठावर तिच्याच वयाची मुलगी. शनिवारी नेलेले पुस्तक तिने मंगळवारी शाळेतून येतानाच परत आणले आणि दुसरा भाग मागितला. आम्ही तो घेतलाच नव्हता. नमुना म्हणून मालिकेचा एकेकच भाग घ्यावा, असे मीच समितीला सांगितले होते. ती दाराशी उभी असतानाच मी दुकानात फोन करून पुढचे चारही भाग मागवले. ते गुरुवारी येतील असे तिला सांगितले आहे.